कोलमची पिशवी

माझी बायको सुनंदा गेली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं. मुलीला ठाऊक नाही, जावयाला नाही, ज्यांच्याबरोबर मी रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतो त्यांनाही नाही. इतकी वर्षं मी हे एकट्यानं बाळगलं — आणि खरं सांगायचं तर फारसं जड न होऊ देता बाळगलं. माणसाला कशाचीही सवय होते. सवय झाली म्हणजे ती गोष्ट संपली, असं थोडंच आहे?

आमच्या बिल्डिंगमध्ये ‘मूठभर तांदूळ’ हा उपक्रम चालतो. त्याची स्मरणिका निघते आहे. सेक्रेटरी तरुण मुलगा आहे, उत्साही आहे. मला जिन्यात गाठून म्हणाला, “काका, तुमची दोन पानं हवीतच. सुरुवात तुम्ही केलीत ना! आणि तो हिराबायच्या भाताचा किस्सा टाका हं. लोक हसून हसून मरतील.”

मी हो म्हटलं.

ही ती दोन पानं. जरा जास्त झाली आहेत. हसण्यासारखं त्यात फार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही मला ओळखत असाल किंवा नसालही, पण ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं लिहितो आहे. नाहीतर मला जमणार नाही. अधेमधे अडखळेन, भलतीकडे जाईन. पण या वेळी शेवटापर्यंत पोहोचायचं, एवढं ठरवलं आहे.

आम्ही माणिकपूरला राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे अजून भातशेती होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. जिन्याला रंग लागायचा होता, पाणी कधी यायचं, कधी नाही. सगळेच नवे. आम्ही कोकणातले, वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचे, समोर एक गुजराती कुटुंब, तळमजल्यावर पापडी गावातली वाडी सोडून आलेलं एक ख्रिस्ती कुटुंब. सगळे नोकरदार, फ्लॅटचे हप्ते भरताना मेटाकुटीला आलेले. देणगी मागायला कोणी आलं की दार अर्धंच उघडायचं.

मिठागराच्या कडेला एक पाडा होता. तिथे एक खोली आणि एक पडवी एवढी शाळा, आणि तिला एकच शिक्षिका — नाईक बाई. त्या एकदा आमच्याकडे आल्या. मला वाटलं पावतीपुस्तक काढतील. त्या म्हणाल्या, “जुनी कॅलेंडरं आहेत का? मागची बाजू कोरी असते. मुलांना चित्रं काढायला होतील.”

बस, एवढंच. कॅलेंडर कोण नाही देणार? त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगला देण्याची गोडी लागली असं म्हणेन. फुकटात जाणाऱ्या वस्तूंमध्ये किती शाळा दडलेली असते हे आम्हाला कळलं. सोड्याच्या बाटल्यांची बुचं मण्यांसारखी मोजायला. चिंचोके बेरजांना. लग्नपत्रिका कापून त्यांच्या मागे शब्द लिहायचे — जाड कागद, लवकर फाटत नाही. वह्यांची उरलेली कोरी पानं काढून दाभणानं शिवायची की नवी वही तयार. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तीसुद्धा मैत्रिणींना घेऊन पानं शिवत बसायची.

या सगळ्याचा पुढारी मी. का? कोणी नेमलं नव्हतं. मुंबईच्या ऑफिसात मी असा एक माणूस होतो, की रजेवर गेलो तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही. इथे जिना चढताना चार दारांतून हाक यायची. “भाऊ, बुचं ठेवलीत तुमच्यासाठी.” “भाऊ, पत्रिका घेऊन जा.” मला ते आवडायला लागलं. फार आवडायला लागलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं इथून उगवलं आहे.

मग तांदळाची गोष्ट निघाली. शनिवारी सकाळची शाळा. पाड्यावरच्या आयाबाया पहाटेच कामाला जायच्या, मुलं न खाताच यायची, आणि प्रार्थनेला उभी राहिली की एखादं मूल खाली बसायचं. शाळेत शिजवलेलं जेवण मिळायचे दिवस अजून यायचे होते. नाईक बाई म्हणाल्या, शनिवारचा तरी भात शाळेत शिजवता आला तर! तांदूळ कुठून आणायचा? तोडगा सुनंदानं काढला. म्हणाली, रोज कुकर लावताना तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. घरात कोणाला कळतही नाही, भात कमी पडत नाही.

तेव्हा उपक्रम सुरू कोणी केला? तिने. स्मरणिकेत माझं नाव येणार आहे ते खोडा. ही या लेखातली पहिली दुरुस्ती.

दर रविवारी सकाळी मी डबे गोळा करायचो. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलेलं आहे. वीस घरांचा तांदूळ म्हणजे वीस तऱ्हेचा तांदूळ. आमच्याकडे उकडा, वरच्यांकडे आंबेमोहोर, समोर कोलम, तळमजल्यावर इथलाच जाडा, कोणाकडे रेशनचा. सुनंदानं जुन्या पडद्याच्या कापडाच्या वेगवेगळ्या पिशव्या शिवल्या आणि मला बजावलं, “अहो, सगळं एकात ओतू नका. उकड्याला वेळ लागतो, आंबेमोहोर बघता बघता शिजतो. एकत्र घातलंत तर अर्धा गोळा नि अर्धे खडे होतील.” बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला हे न सांगता माहीत होतं. मलाही माहीत झालं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

रांधायला हिराबाय होती. पाड्यावरचीच. धिप्पाड, खणखणीत आवाजाची, माझ्याहून थोडी लहान. आसपासच्या गावांत हळदीचं जेवण असलं की तिलाच बोलावणं यायचं. सबंध गावाचा भात ती एकटी उतरवायची, आणि तेच तिचं खरं पोट होतं. शाळेतलं शनिवारचं काम तिनं जवळजवळ हौसेनं घेतलं होतं. आज उकड्याची पिशवी, पुढल्या शनिवारी कोलमची, असं ती पिशवीप्रमाणे रांधायची. माझी थट्टा करायची. मी आणि सुनंदा रविवारी दुपारी रिक्षातून पिशव्या घेऊन उतरलो, की पडवीतूनच सुनंदाला ओरडून सांगायची, “वयनी, आमचे भाऊ तांदूल आनतात का मिरवनूक काढतात?” सुनंदा पोट धरून हसायची. दोघींचं फार जमायचं. सुनंदा तिच्याकडून सुकटीचं कालवण शिकली होती. आमच्या घरी ते ‘हिराचं कालवण’ म्हणूनच व्हायचं.

मी लांबण लावतो आहे. कळतंय मला.

तो सव्वीस जानेवारीचा दिवस होता. शाळेत झेंडावंदन, मग उपक्रमाचा छोटा कार्यक्रम, मग सगळ्यांना जेवण — मुलं, पाड्यावरची माणसं, बिल्डिंगमधली माणसं, पाहुणे. पाहुणे मीच बोलावले होते. एक स्थानिक पुढारी आणि एका साप्ताहिकाचा फोटो काढणारा. सुनंदा भाचीच्या लग्नासाठी राजापूरकडे गेली होती. जाताना तिनं सगळ्या घरांतून कोलम मागून एक मोठी पिशवी भरली, तोंड शिवलं आणि म्हणाली, “ही त्या दिवशीच्या जेवणाची. हिराच्याच हातात द्या. मी सांगून ठेवलंय तिला.”

मी सकाळी सगळ्यांच्या आधी, सगळ्या पिशव्या घेऊन शाळेत पोहोचलो. मनात एक चित्र होतं. वर्गाच्या मधोमध पांढरी चादर, तिच्यावर तांदळाची रास, भोवती रांगोळी, मागे मुलं आणि वर मी स्वतः रंगवलेली पाटी. पिशव्यांचे फोटो कोण छापतं? जुन्या पडद्याच्या पिशव्या त्या — एकीवर फुलं, दुसरीवर मोर. पण रास! खळ्यात असते तशी रास. मी एक पिशवी ओतली. मग दुसरी. रास बसकीच दिसत होती. सगळ्या ओतल्या. तरी मनासारखी उंची येईना.

कोलमची पिशवी भिंतीशी उभी होती.

मी तिचं तोंड उसवलं आणि तीही ओतली.

त्या वेळी वर्गात कोणी नव्हतं. हातानं मी राशीला टोक काढलं. छान दिसली. खोटं कशाला बोलू, फारच छान दिसली. रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. सगळ्या पिशव्यांची करत होतो तशीच, मनात काही न ठेवता. तोपर्यंत मी फक्त हौशी आणि बेफिकीर माणूस होतो. माझी खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

फोटो झाला. मुलांना पडवीत बसवलं. हिराबाय परात घेऊन आत आली आणि राशीकडे बघत राहिली. मग वाकून तिनं मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, बोटानं पसरला.

“भाऊ, रांधायचा तांदूल कुठला?”

“हाच.”

“ह्याच्यात उकडा पन हाय, आंबेमोर पन हाय. वयनी कोलमची पिशवी बोलल्या होत्या ना?”

बाहेर पुढाऱ्याचं भाषण रंगात आलं होतं. मी घाईत होतो, मला बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. म्हणालो, “हिराबाय, तांदूळ तो तांदूळ. पाहुणे खोळंबलेत. घाला शिजत.”

तिला आणखी काही बोलायचं होतं, हे मला दिसलं. मी वळलो. मागे परातीत तांदूळ पडल्याचा आवाज आला.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. भात वाढला तेव्हा अर्धा चिकट गोळा झाला होता आणि त्यात दाताखाली टचटच लागणारे दाणे होते. पुढाऱ्यानं घास घेतला, थांबला, बोटानं तोंडातला दाणा काढून सगळ्यांना दाखवला. म्हणाला, “मूठभर तांदूळ ऐकलं होतं, मूठभर खडी माहीत नव्हती!” हशा पिकला. बिल्डिंगमधल्या बायकांनी ताटं बाजूला ठेवली. कोणीतरी विचारलं, “अगंबाई, हे रांधलंय कोणी?”

मुलं मात्र खात होती. मान खाली घालून, भराभर.

सगळ्यांनी हिराबायकडे बघितलं. ती चुलीपाशी पदरानं हात पुसत उभी होती. आणि ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. घाबरूनही नव्हे. ती वाट बघत होती. मी बोलेन याची तिला खात्री होती. ‘माझंच चुकलं, मी घाई केली’ असं काहीतरी भाऊ म्हणतील, लोक आणखी थोडं हसतील, संपेल. ज्याची चूक त्यानं सांगायची, यात तिला अवघड वाटण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणालो — किती वेळा हे वाक्य मनात वेगळं करून बघितलं आहे मी! पण झालं ते असं झालं. मी म्हणालो, “मी तर कोलमची पिशवी वेगळी काढून दिली होती.”

झालं. एवढंच वाक्य.

या वाक्यात काय काय होतं ते बघा. तांदूळ मी मिसळला नाही, हे होतं. तिनं मला विचारलं नव्हतं, हे होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी उच्चारली नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ऐकू आली — मग ती पिशवी गेली कुठे?

मला तेव्हा हे कळलं नव्हतं, असं लिहायचा मोह होतो आहे. कळलं होतं. वाक्य संपायच्या आत कळलं होतं. कारण हिराबायचा चेहरा बदलला. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. काय बोलणार होती? बिल्डिंगची माणसं माझी, पाहुणे माझे, कार्यक्रम माझा. आणि मी खिशावर हात ठेवून उभा होतो. घडी केलेली पिशवी त्या खिशात होती.

घरी येताना रिक्षा बाजारामागच्या नाल्यापाशी थांबवली आणि पिशवी टाकून दिली. आता याला काय म्हणाल? भाताच्या वेळी घाबरलो म्हणता येईल, तोंडातून निघून गेलं म्हणता येईल. रिक्षा थांबवून, खाली उतरून, चार पावलं चालत जाऊन कापडाची पिशवी नाल्यात टाकणं, हे तोंडातून निघून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या काही मुलांची पोटं बिघडली. फार काही नाही, संध्याकाळपर्यंत खेळायला लागली. पण त्यामुळे आमच्या घरी मीटिंग बसली. कोणीतरी म्हणालं, बाईच्या हातून चूक होऊ शकते. कोणीतरी म्हणालं, चूक कसली, कोलम काय भाव झालाय बघा बाजारात. मग एकजण माझ्याकडे वळून म्हणाला, “पण पिशवी तुम्ही तिच्या हातातच दिली होती ना?”

मी चहा ओतत होतो. ओतता ओतता मान हलवली.

हिराबायला काढायचं ठरलं. निरोप मी नेला, नाईक बाईंकडे. तिच्याकडे नाही. तिच्याकडे जायची छाती नव्हती. नाईक बाई एवढंच म्हणाल्या, “तिला एकदा विचारलं असतं तर?” मी म्हणालो, कमिटीचा निर्णय आहे. कमिटी! मी आणि माझा चहा प्यायलेली पाच-सात माणसं.

सुनंदा परत आली. सगळं ऐकून आधी तिचा विश्वास बसेना. “हिरा? हिरा असं करील?” पुन्हा पुन्हा तेच. तेव्हा तरी सांगता आलं असतं. घरात दोघंच होतो. आपल्याच बायकोपुढे लाज ती कसली? मी म्हणालो, “माणसाचं काही सांगता येत नाही.” मग तिनं पिशवी परत आली का ते विचारलं. नाही म्हणालो. पिशवीसुद्धा ठेवून घेतली म्हणजे खरंच असणार, असं तिच्या मनानं धरलं. माझ्या नाल्यात टाकलेल्या पिशवीनं तिची खात्री पटवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हिराबाय तिला बाजारात समोरून भेटली. सुनंदानं तोंड फिरवलं. घरी येऊन मला सांगितलं आणि भाजी निवडत बसली. कितीतरी वेळ निवडत होती. ‘हिराचं कालवण’ आमच्या घरी पुन्हा झालं नाही. मी कधी मागितलं नाही, तिनं कधी केलं नाही.

शाळेचं काम गेलं, ते एक वेळ सोसलं असतं तिनं. पण बोलणं पाड्यावर गेलं, पाड्यावरून गावांत गेलं. जी पोरांच्या तोंडचा तांदूळ घरी नेते, तिच्या हातात लग्नघराचं कोठार कोण देईल? हळदीची बोलावणी थांबली. एकदम नाही, एकेक करत. हे मला नाईक बाईंनी सांगितलं, मुद्दाम येऊन सांगितलं. मला वाटतं, त्यांना संशय होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी “अरेरे” म्हणालो.

पुढे ती पाडा सोडून बहिणीकडे अर्नाळ्याला गेली, मासळी सुकवायच्या कामाला.

आणि आमच्याकडे काय राहिलं? एक विनोद. कोणाचा भात बिघडला की ‘हिराबायचा भात’. कोणी काम अर्धवट केलं की ‘झाला हिराबायचा भात’. गणपतीच्या मांडवात, वार्षिक सभेत, पत्त्यांच्या डावात. बिल्डिंगला नवा रंग लागला, मागच्या शेतात टॉवर उभे राहिले, नवी कुटुंबं आली. त्यांनी तिला कधी पाहिलंही नाही, पण विनोद त्यांनाही मिळाला. परवा माझा नातू आईला म्हणत होता, “ए, आज काय हिराबायचा भात केलास का?” मी ताटावर होतो. जेवलो. नेहमी जेवतो तसा.

उपक्रम चालू राहिला. आता आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्येही डबे आहेत. शाळेत सरकारी जेवण सुरू झालं, तेव्हापासून तांदूळ एका वसतिगृहाला जातो. कितीतरी मुलं जेवली, जेवताहेत. हे मी का सांगतो? कारण इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. तेव्हा मी खरं बोललो असतो तर लोकांचा विश्वास उडाला असता, उपक्रम बंद पडला असता, मुलं उपाशी राहिली असती. मोठ्या कामासाठी एका बाईचं थोडं नुकसान. किती सोयीचं! या विचारानं मला झोप लागायची. तो खोटा होता हे मी अलीकडे शिकलो. कसं शिकलो, तेवढं एक सांगायचं राहिलं आहे.

त्याआधी आणखी एक. सुनंदा शेवटच्या आजारात होती. दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. कशावरून आठवलं कोण जाणे, म्हणाली, “त्या हिराचं काय झालं हो पुढे?” मी म्हणालो, “माहीत नाही.” मला माहीत होतं. अर्नाळ्याला मासळी आणायला मी जायचो, तेव्हा ती मला दिसायची, बांबूंच्या ओळींमध्ये बोंबील टांगताना. ती दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं वळायचो. एकदा नाही, दरवेळी. सुनंदाला सांगायची ती शेवटची संधी होती, आणि तिनं स्वतः हातात दिलेली. “माहीत नाही,” म्हणालो मी.

सेक्रेटरीला हो म्हटलं, त्या आठवड्यात मी अर्नाळ्याला गेलो. कोणाला बरोबर घेतलं नाही. किस्सा लिहायचा, तर ज्या माणसाचा किस्सा त्याला आधी ठाऊक असायला हवा, एवढं मनाशी पक्कं केलं होतं. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीपाशी ती बसली होती. केस पांढरे झालेले, अंग उतरलेलं. आवाज तोच. मला लांबूनच ओळखलं.

“काय भाऊ, आज गल्ली नाय बदलली?”

म्हणजे तिनं दरवेळी बघितलं होतं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रास, उसवलेलं तोंड, खिशातली पिशवी, नाला, मीटिंग, सुनंदा. घरून बरंच काही ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. ती मासळी उलटी करत होती. एक बाजू सुकली की दुसरी. हात थांबले नाहीत. पण नाल्यातल्या पिशवीशी आलो तेव्हा थांबले.

“वयनींना कधीच नाय सांगितलं?”

“नाही.”

“म्हंजे त्या मना चोरच समजून गेल्या.”

होय हेच उत्तर होतं, आणि ते तिला दिसत होतं. तिनं समुद्राकडे बघितलं, पदरानं तोंड पुसलं. डोळे नव्हे, तोंड. घाम होता. मग पुन्हा मासळी उलटायला लागली. निघावं की थांबावं ते कळेना.

मग ती म्हणाली, “येक सांगा भाऊ. त्या दिसाला तुमी खरं बोललं असतं, तं तुमाला कोन काय करनार होतं?”

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. खरोखर विचारत होती. इतकी वर्षं तिला ते कळलेलं नव्हतं. माझ्यावर कसलं तरी मोठं संकट असेल, काहीतरी असेल ज्याच्यासाठी तिला बळी द्यावं लागलं, असं तिनं धरून चाललेलं असावं. ते काय, एवढंच तिला हवं होतं.

मी उत्तर शोधायला लागलो. उपक्रम बंद पडला असता, हे ओठांपर्यंत आलं आणि तिच्यासमोर ते उच्चारता येईना. कारण ते खरं नव्हतं. नोकरी माझी दुसरीकडे होती, घर माझं होतं, बायको माझ्या बाजूची होती. पुढारी आणखी एक विनोद करून गाडीत बसला असता. बायका म्हणाल्या असत्या, पुरुषांना कशाला सांगावं तांदळातलं. नाईक बाई हसल्या असत्या. सुनंदानं आल्यावर मला झापलं असतं, आणि हिराबायनं पुढे वर्षभर पडवीतून माझी खिल्ली उडवली असती. कोणीतरी धावत जाऊन जवळच्या दुकानातून तांदूळ आणला असता, दुसरं पातेलं चढवलं असतं, आणि माणसं तेवढा वेळ उन्हात गप्पा मारत थांबली असती.

बहिणीनं हाक मारली तशी ती उठली. उत्तराची वाट तिनं बघितली नाही. रिकामी टोपली कमरेवर घेऊन बांबूंच्या ओळींमधून निघून गेली.

कोणी काहीही केलं नसतं मला.